पाणी कुठून येतंय?

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. तुमच्यापैकी जे अंबरनाथ-बदलापूरकडे राहतात त्यांना ते सोपं जावं. शिळफाट्याहून बदलापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, अंबरनाथच्या आनंदनगर भागात, संरक्षण खात्याची एक प्रयोगशाळा आहे. तिचं नाव नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी. म्हणजे नौदलाला लागणाऱ्या निरनिराळ्या पदार्थांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा. आता कोडं असं, की अंबरनाथला समुद्र कुठे आहे? उल्हास नदी आहे, बिचारी वालधुनी आहे, बारवी धरण आहे. पण युद्धनौका काही उल्हास नदीतून बदलापूरच्या पुलाखाली येऊन उभी राहत नाही! मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून लोकलनं सुमारे साठ किलोमीटर. मग नौदलाची प्रयोगशाळा इथे करते तरी काय?

ही प्रयोगशाळा १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत सुरू झाली आणि पुढे अंबरनाथला आली. तोफा आणि क्षेपणास्त्रं हा तिचा विषय नव्हे. (पाणबुडीला पाण्याखाली जास्त काळ राहता यावं म्हणून तिथे एक इंधन-घट यंत्रणा तयार झाली आणि मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली, पण ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.) तिचा विषय म्हणजे जहाजाचं पोलाद, जहाजाला लावायचे रंग, रबर, प्लॅस्टिक आणि या सगळ्यांचा एक जुना शत्रू. हा शत्रू आवाज करत नाही, रडारवर दिसत नाही आणि सुट्टीच्या दिवशीही कामाला येतो. ओळखलंत? गंज!

आणि हा शत्रू अंबरनाथलाही आहे, उल्हासनगरलाही आहे आणि तुमच्या घरातही आहे. समुद्र नसला तरी. कसा, ते पाहण्यासाठी आपण आधी एका शिडाच्या नौकेत जाऊ.

'म्हादेई' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. गोव्यातल्या मांडवी नदीचं हे जुनं नाव, आणि त्याच नदीतल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ५६ फुटी शिडाच्या नौकेचंही. कमांडर दिलीप दोंदे या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले, चार बंदरांत थांबले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली. तिची बहीण 'तारिणी' हिनं २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना जगाभोवती फिरवून आणलं, आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी तीच नौका घेऊन पुन्हा फेरी मारली.

म्हादेईचं अंग लोखंडाचं नाही. आत लाकूड आणि त्यावर काचतंतू व राळेचे थर. हे अंग गंजत नाही. तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला! छे, मिटला कसा? नौकेच्या खाली जड वजनाचा कणा असतो, तो धातूच्या जाड बोल्टांनी धरलेला असतो. इंजिन लोखंडाचं. सुकाणूचे सांधे, पाण्याचे नळ, झडपा, विजेच्या तारा, डोलकाठी ताणून धरणाऱ्या पट्ट्या, सगळं धातूचं. आणि यातलं पुष्कळसं सामान नेमकं नौकेच्या पोटात, अगदी तळाशी असतं.

या तळाच्या जागेला इंग्रजीत बिल्ज म्हणतात. आपण तिला 'तळपोट' म्हणू. पायाखालच्या फळ्या उचलल्या की खाली जो अंधारा, अरुंद, वास मारणारा खळगा दिसतो ते तळपोट. नौकेत कुठूनही पाणी शिरो, शेवटी ते इथेच येतं. तसा पाण्याचा स्वभावच आहे, उताराला लागायचं. खिडकीतून आलं, टाकीतून झिरपलं, पावसाळी कपड्यांवरून निथळलं, सगळे थेंब इथे जमतात. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बचतीच्या डब्यासाठी आहे खरी, पण नौकेच्या माणसाला ती ऐकली की धडकीच भरते!

समजा, एके सकाळी फळी उचलली आणि खाली दोन बोटं पाणी दिसलं. आता काय करायचं? पंप सुरू करून उपसून टाकायचं, हे तर झालंच. पण अनुभवी खलाशी तेवढ्यावर थांबत नाही. तो विचारतो, हे कुठून आलं? आणि इथून खरी गुप्तहेरकथा सुरू होते.

पहिला पुरावा म्हणजे पाणी खारं की गोडं. जुने खलाशी बोट बुडवून जिभेला लावून पाहत. तुम्ही मात्र हे कधीच करू नका. तळपोटात डिझेल, ग्रीस आणि काय काय असतं! त्याऐवजी थेंबभर पाणी काळ्या पाटीवर वाळू द्यायचं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे खारं पाणी मागे पांढरी खरखरीत साय सोडतं. गोडं पाणी फार तर एक पुसटशी कडा सोडतं. पाणी खारं असेल तर ते बाहेरून, समुद्रातून आलं. गोडं असेल तर पिण्याच्या टाकीतून, पावसातून किंवा रात्रीच्या दमट हवेतून गार भिंतींवर जमलेल्या दवातून. एका थेंबानं निम्मे संशयित सुटले!

दुसरा पुरावा वेळ. पाणी केव्हा वाढतं? फक्त इंजिन चालू असताना वाढत असेल, तर इंजिनाकडून पंख्याकडे जाणारा दांडा जिथून नौकेबाहेर पडतो तिथे पाहायचं. तिथे पंपाच्या ग्लँडसारखी रचना असते, तिच्यात दोरी भरलेली असते. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून दांडा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडणं हे चांगलंच लक्षण मानतात, कारण त्या पाण्यानं दांडा थंड राहतो. धार लागली तर मात्र गडबड आहे. फक्त पावसात पाणी वाढत असेल तर वरच्या डेकवर पाहायचं. आणि नौका एकाच कुशीवर कलल्यावर वाढत असेल तर? मग एरवी पाण्याच्या वर असणारं त्या बाजूचं एखादं भोक किंवा सांधा कलल्यावर पाण्याखाली जात असणार. म्हणून चांगला कप्तान वहीत रोज लिहून ठेवतो, पंप किती वेळा मारला, हवा कशी होती, इंजिन किती तास चाललं. आठ दिवसांची ही वही वाचली की पाणी स्वतःच आपला पत्ता सांगायला लागतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणी जिथे दिसतं तिथून ते आलेलं असतंच असं नाही. पुढच्या खिडकीच्या एका सैल स्क्रूतून शिरलेला थेंब लाकडी पट्ट्यांच्या मागून, तारेवरून, नळीच्या पाठीवरून सरकत सरकत पार मागच्या झोपायच्या फळीपाशी टपकतो. आपण फळीच्या डोक्यावरच्या छताला लांबी लावत बसतो आणि पुढच्या पावसात थेंब पुन्हा हजर. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच खरा. आधी तळपोट पूर्ण कोरडं करायचं. स्पंजानं टिपायचं, जुन्या फडक्यानं पुसायचं, एक दिवस हवा लागू द्यायची. मग संशयित सांध्यांखाली खडूची पूड किंवा अंगाला लावायची पावडर भुरभुरायची. पाण्याचा एवढासा ओघळ आला तरी पावडरीत त्याची वाट उमटते, मांजरीची पावलं उमटावीत तशी. त्या वाटेनं मागे मागे, वर वर जायचं. मग एक माणूस बाहेरून रबरी नळीनं पाणी मारतो, दुसरा आत टॉर्च घेऊन बसतो. पाणी खालून सुरू करायचं आणि हळूहळू वर न्यायचं, एका वेळी एकच खिडकी, एकच सांधा. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर आत थेंब येईल, पण तो कोणाचा हे कळायचं नाही. घाई करणाऱ्या हेराच्या हाती चोर लागत नाही, संन्याशी लागतो.

थोडं गणित करू या? नौकेच्या अंगाला समुद्राचं पाणी आत-बाहेर करण्यासाठी मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, त्यांना झडपा असतात. समजा पाण्याच्या पातळीखाली एक मीटरवर अडीच सेंटिमीटर व्यासाचं भोक आहे आणि त्याची झडप गंजून तुटली. मिनिटाला किती पाणी शिरेल? सत्तर लिटरच्या वर. म्हणजे दर मिनिटाला जवळजवळ पाच बादल्या! म्हणूनच प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवतात. झडप तुटली की खुंटी ठोकायची. हजारो रुपयांच्या यंत्रांच्या शेजारी ही चार आण्यांची खुंटी मला फार आवडते.

आता गंजाकडे वळू. झडप गंजते ती बाहेरून कमी आणि आतून, तळपोटाच्या बाजूनं जास्त, असं पुष्कळदा होतं. हे जरा विचित्र वाटतं ना? बाहेर तर अख्खा समुद्र आहे!

लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. मीठ हे तिसरं. ते स्वतः लोखंड खात नाही, पण पाण्यातून वीज सहज वाहू देतं. गंजणं ही खरं तर एक छोटीशी विजेची घडामोड आहे. लोखंडाचा एक भाग झिजतो, तिथून निघालेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या भागाकडे जातात आणि मधलं पाणी ते चक्र पूर्ण करतं. मीठ असलं की चक्र जोरात फिरतं. तळपोटात हे सगळं साहित्य आयतं मिळतं. पाणी येतं, थोडं सुकतं, मीठ मागे राहतं, पुन्हा पाणी येतं. फळ्या घट्ट, वारा नाही, ऊन नाही. त्यात केस, कापसाचे धागे, लाकडाचा भुसा आणि तेलकट चिखल साचतो. तळाच्या आडव्या पट्ट्यांना पाणी वाहून जावं म्हणून बारीक भोकं ठेवलेली असतात, ती या कचऱ्यानं बुजतात आणि प्रत्येक कप्प्यात एकेक डबकं तयार होतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळे बोल्ट स्टेनलेसचे वापरू. स्टेनलेस म्हणजे तर डाग न पडणारं! पण या स्टेनलेसची एक गंमत आहे. त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा असतो, तोच त्याचं चिलखत. हा पापुद्रा ओरखडला तरी हवेतल्या प्राणवायूनं पुन्हा तयार होतो. पण चिखलाखाली, साचलेल्या खाऱ्या पाण्यात, प्राणवायूच नसला तर? चिलखत भरून निघत नाही आणि बोल्टाला खोल खड्डे पडतात. वरून चकचकीत आणि आतून पोखरलेला. तिथे ओल्या चिखलापेक्षा उघडी हवा बरी!

आणखी एक भांडखोर जोडी आहे, दोन वेगळ्या धातूंची. याची एक खरी गोष्ट सांगतो. १७६१ साली ब्रिटिश नौदलानं 'अलार्म' नावाच्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून आणि शेवाळापासून तळ वाचावा हा हेतू. जहाज वेस्ट इंडिजला जाऊन आलं. १७६३ मध्ये तळ तपासला तर तांबं छान होतं, पण ज्या लोखंडी खिळ्यांनी पत्रे मारले होते ते खिळे गळून गेले होते. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटले की लोखंड झिजतं आणि तांबं मजेत राहतं. मौज म्हणजे काही ठिकाणी खिळे शाबूत होते. का? तांब्याचे पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद कामगारांनी तिथे काढलाच नव्हता! दोन धातूंच्या मध्ये कागद आला आणि भांडण मिटलं. आजही नौकेत दोन वेगळे धातू जोडताना मध्ये प्लॅस्टिकची किंवा रबराची चकती घालतात. तो खाकी कागदच म्हणा ना.

पुढे १८२४ मध्ये सर हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं हेच भांडण उलटं कामाला लावलं. तांब्याला झिजण्यापासून वाचवायचं असेल तर त्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, म्हणजे तुकडा झिजेल आणि तांबं वाचेल. झालंही तसंच! पण तांबं झिजायचं थांबलं तसं पाण्यात विरघळणारं त्याचं विषही थांबलं आणि तळावर शेवाळ व शंखशिंपले बेफाम वाढले. जहाजं मंदावली. नौदलानं कपाळाला हात लावला. पुढे पोलादी जहाजं आली तेव्हा मात्र ही युक्ती फार उपयोगी पडली. आज जहाजांच्या आणि नौकांच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. ते आपला जीव देतात आणि पंखा, दांडा, पोलाद यांना वाचवतात. अर्ध्याहून जास्त झिजले की बदलायचे. त्यांना रंग मात्र लावायचा नाही, लावला तर ते नुसते शोभेचे ठोकळे.

पण हे ध्यानात घ्या, बाहेरचा जस्ताचा ठोकळा बाहेरच्या पाण्यातल्या धातूंना वाचवतो. तळपोटातल्या बोल्टाचं तो काही करू शकत नाही. आतलं काम माणसानंच करायचं. गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं, कोरडं करायचं, बुजलेली भोकं तारेनं मोकळी करायची, गंज खरवडून चांगला रंग द्यायचा, तारा तळापासून वर बांधायच्या आणि दर आठवड्याला फळी उचलून वाकून पाहायचं.

आता नौकेतून उतरू आणि उल्हासनगरला येऊ. (इथल्या सिंधी कुटुंबांतल्या आजी-आजोबांना विचारा, फाळणीनंतर त्यांच्यातले कितीतरी जण कराचीहून मुंबईला जहाजानंच आले होते.) तुमच्या घरालाही तळपोटं आहेत. न्हाणीघराची फरशी आणि तिच्याखालचा स्लॅब. गच्चीचा तो कोपरा जिथे पाणी तुंबतं. बेसिनखालचं कपाट. नदीकाठच्या बदलापूरकरांना तर आणखी एक ठाऊक आहे. जुलै २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये उल्हास नदीचं पाणी घरांत शिरलं होतं. पुराचं पाणी ओसरल्यावर लोखंडी कपाट वरून पुसून ठेवलं, तर त्याच्या पायांत आणि तळच्या घडीत अडकलेला गाळ ओल धरून राहतो आणि वर्षा-दोन वर्षांत कपाट खालून चाळणी होतं. असं कपाट आडवं करून तळ धुवायला हवा, मग उन्हात वाळवायला हवा.

पण कपाटापेक्षा स्लॅबची गोष्ट मोठी आहे. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात हे तुम्हांला माहीत आहे. मग त्या गंजत का नाहीत? कारण सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो आणि चुन्याच्या संगतीत लोखंडावर स्टेनलेससारखाच एक पापुद्रा तयार होतो. सळी जणू झोपी जाते. तिला जागं करतात दोघं जण. एक, हवेतला कार्बन डायॉक्साइड. तो वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये हळूहळू शिरून चुन्याचा जोर घालवतो. दुसरं, मीठ. बांधकामात खाडीची रेती नीट न धुता वापरली तर मीठ आयतंच भिंतीत जाऊन बसतं. पाहा, अंबरनाथला समुद्र नाही असं मी म्हणालो होतो, पण तो असा ट्रकमध्ये बसूनही येऊ शकतो!

मग वरून गळती सुरू झाली की झालं. सळी गंजते, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. आतून दाब येतो, सळीच्या रेषेत सरळ भेग पडते, पोपडे सुटतात आणि एक दिवस गिलाव्याचा तुकडा खाली पडतो. छताला पांढरे ओघळ किंवा बारीक लोंबणाऱ्या कांड्या दिसल्या, तर तो गळतीच्या पाण्यानं काँक्रीटमधून वाहून आणलेला चुना. तांबूस डाग दिसले तर सळीनं निरोप धाडला आहे असं समजा.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे रोजी कॅम्प एकमधल्या मोहिनी पॅलेसचा आणि २८ मे रोजी रात्री साईसिद्धी इमारतीचा. साईसिद्धीत पाचव्या मजल्याचा स्लॅब खालचे स्लॅब घेत तळापर्यंत गेला आणि सात माणसं दगावली. अशा दुर्घटनांमागे एकच कारण नसतं. बांधकामाचा दर्जा, साहित्य, मनमानी फेरफार, टाळलेली दुरुस्ती, सगळं एकत्र येतं. पण पाणी त्यात आपलं काम गुपचूप करत असतं. तीस वर्षं झालेल्या इमारतींची अभियंत्याकडून तपासणी करून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. नव्वदच्या दशकात बांधलेल्या इमारती आता त्या वयाच्या झाल्या आहेत, हे आई-बाबांना मुद्दाम वाचून दाखवा.

आणि आई-बाबांनो, एक विनंती तुम्हांलाही. ओल धरलेल्या छतावर पुट्टी मारून रंग देणं, किंवा ते दिसू नये म्हणून खाली पीओपीचं छत करणं, हा तळपोटावर नवीन गालिचा अंथरण्याचा प्रकार आहे. गच्चीवर जुना कोबा न काढता त्यावर पुन्हा कोबा चढवत जाणं तर त्याहून वाईट. गळती राहते ती राहतेच आणि इमारतीच्या डोक्यावर ओझं वाढतं.

तर मुलांनो, घरातली गळती शोधायला नौकेचेच नियम वापरा. छतावर ओलीचा डाग असेल तर त्याच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढा आणि शेजारी तारीख घाला. (आईला विचारून!) दर रविवारी पाहा. डाग फक्त पावसात वाढतो का? मग गच्ची किंवा बाहेरची भिंत. बाराही महिने वाढतो का? मग नळ किंवा वरचं न्हाणीघर. वरच्या घरातल्या काकूंशी भांडण्याआधी त्यांना गोड शब्दांत सांगून त्यांच्या नहाणी ट्रॅपमध्ये थोडं खायच्या रंगाचं पाणी ओतायला सांगा. खाली रंगीत थेंब आला तर चोर सापडला. नाही आला तर काकू संन्याशी निघाल्या, आणि तुमची मैत्रीही टिकली. आतला नळ फुटलाय का हे पाहायचं असेल आणि घराला पाण्याचं मीटर असेल, तर सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि तासाभरानं पुन्हा पाहा. कुणी पाणी वापरलं नाही तरी आकडा पुढे सरकला, म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी घालवतो. महिन्याला एकशेतीस लिटर!

गच्चीवर चढणं, स्लॅब ठोकून पाहणं ही कामं मात्र मोठ्यांची. पोपडे सुटलेल्या छताखाली अभ्यासाला किंवा झोपायला बसू नका, पलंग तिथून हलवायला सांगा.

आता प्रयोग. सहा काचेचे पेले आणि सहा साधे लोखंडी खिळे घ्या. खिळे पॉलिशपेपरनं घासा, साबणानं धुऊन तेल काढा. पहिल्या पेल्यात साधं पाणी. दुसऱ्यात मिठाचं पाणी, अर्ध्या पेल्याला एक चमचा मीठ. तिसऱ्यातही मिठाचं पाणी, पण खिळ्याला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. चौथ्यातही मिठाचं पाणी आणि खिळ्याला जी.आय. तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली राखाडी तार गुंडाळा. पाचव्यात चुन्याची निवळी. खायचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा आणि वरचं स्वच्छ पाणी मोठ्या माणसाकडून ओतून घ्या. ते डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा आणि तोंडाला तर मुळीच लावू नका. सहाव्यात तीच निवळी, पण तिच्यात एक चमचा मीठ. पाचवा आणि सहावा पेला बशीनं झाका. न झाकलेल्या निवळीवर पांढरी साय येते, कारण हवेतला कार्बन डायॉक्साइड चुन्याला गाठतो. काँक्रीटमध्ये हेच वर्षानुवर्षं चालतं, पेल्यात काही तासांत दिसतं.

आठ दिवस रोज एकाच वेळी पाहा आणि वहीत लिहा, कप्तानासारखं. दुसरा आणि तिसरा पेला शेजारी ठेवून तुलना करा, अलार्म जहाजाचे खिळे आठवतील. चौथ्यातली तार कशी दिसते आणि खिळा कसा दिसतो ते वेगवेगळं लिहा. पाचव्यातल्या खिळ्याचं काय होईल हे तुम्ही आत्ताच सांगू शकाल. सहाव्याचं मात्र मी सांगणार नाही. तिथे काय दिसलं, खिळ्याच्या कोणत्या भागावर दिसलं आणि कितव्या दिवशी, हे पत्रानं कळवा. चित्र काढून पाठवलंत तर आणखी छान.